मेंबर

राजकारणाचा विषय निघाला की आमचे तात्या, म्हणजे माझे चुलत आजोबा, आधी पान जमवून घेत. तासगाव तालुक्याच्या पूर्वेकडचं आमचं गाव, आणि तात्या बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले. खासदारांची नावं ते विसरत. कोणत्या साली ‘मेंबर’ कोण होता, ते मात्र तोंडपाठ. मेंबर म्हणजे झेडपीचा. ‘‘आमदार धरायचा तर मुंबई गाठाय लागती. मेंबर एस्टी स्टँडवर गावतो,’’ असा त्यांचा सरळ हिशेब.

गोष्ट सुरू व्हायची ती मात्र लोकल बोर्डापासून. ‘‘तवा आपून साताऱ्याचं.’’ खरंच होतं. 1949मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. मग 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या. वसंतराव नाईक समितीने खरा कारभार तालुक्याकडे न ठेवता जिल्ह्याकडे दिला. त्यामुळे मास्तरची बदली, दवाखान्यातली औषधं, गावाचा रस्ता, सगळ्याची वाट झेडपीतून जाऊ लागली. समिती वगैरे तात्यांना ठाऊक नव्हती. पूर्वी साहेबापुढे हात जोडून उभं राहायचं, आता साहेबाला विचारणारा आपला माणूस झाला, एवढं त्यांना नेमकं कळलं होतं.

आणि मग ते आबांवर येत. रावसाहेब रामराव पाटील, अंजनीचे. जन्म 16 ऑगस्ट 1957. सांगलीच्या शांतिनिकेतनात ‘कमवा व शिका’ योजनेत राबून पदवी घेतलेला हा मुलगा 1979मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आला, तेव्हा वय जेमतेम एकवीस-बावीस. तात्या म्हणत, ‘‘मिसरूड नीट फुटलं न्हवतं, आन् म्हाताऱ्या सभापतींच्या मांडीला मांडी!’’ मिसरुडाचं मी खरं धरत नाही. तात्यांना रंग भरायची सवय होती.

इथे एक गंमत आहे, ती तात्यांनी नव्हे, मी पुढे कागदांत वाचली. 1979नंतर जिल्हा परिषदांच्या निवडणुका थेट 1992मध्ये झाल्या. सरकारं आली, गेली, मुदतवाढी पडत राहिल्या. लोकशाहीच्या दृष्टीने ही लाजच. शांतिनिकेतनचे संस्थापक प्राचार्य पी. बी. पाटील यांच्याच समितीने 1986मध्ये महाराष्ट्रातल्या पंचायत राज्याची झाडाझडती घेतली होती. तरी पुढची निवडणूक लांबतच राहिली. पण त्या दिरंगाईमुळे एका कोवळ्या मेंबराला आमदार होईपर्यंत, 1990पर्यंत, झेडपीत अकरा वर्षं मिळाली. शाळेची गळकी कौलं, हातपंपाचा दांडा, अर्धवट मोऱ्या, या विषयांवर एवढा काळ बसलेला माणूस मंत्रालयात गेल्यावर काय करील?

1999मध्ये ते ग्रामविकास मंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं. गावाने आपल्या हाताने झाडायचं, गटारं काढायची, संडास बांधायचे आणि शेजारच्या गावाशी स्पर्धा करायची. गावाला कशाची ईर्ष्या वाटते, हे मंत्रालयात बसून सुचत नाही. मला त्या अभियानात मंत्र्यापेक्षा मेंबरच जास्त दिसतो. तात्यांनी त्या वर्षी सत्तरीत खराटा धरला. बायकांनी हसून घेतलं. पुढे गृहखातं आलं, डान्सबार बंदी आली, 2007मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. 2008च्या मुंबई हल्ल्यानंतर एक वाक्य अंगलट येऊन राजीनामाही द्यावा लागला. तात्या ते वाक्य काढू देत नसत. ‘‘पान थुकून येतो,’’ म्हणून उठून जात.

16 फेब्रुवारी 2015 रोजी आबा गेले. अंत्यसंस्कार अंजनीतच झाले. तात्या तेव्हा अंथरुणाला खिळलेले; त्यांनी रेडिओ बंद करायला लावला. त्यानंतर दोनच पावसाळे काढले त्यांनी.

2022च्या मार्चमध्ये सांगलीसह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. त्या पावसाळ्यात मी गावी गेलो होतो. शाळेच्या एका खोलीत पाणी ठिबकत होतं, पोरं ओसरीत बसली होती. आत्याने पदर खोचत विचारलं, ‘‘आपला मेंबर कोण रं आता?’’

मी म्हणालो, ‘‘कुणीच नाही.’’

‘‘आसं कसं?’’ म्हणाली, आणि घमेलं आणायला आत गेली.