अकरा दिवसांची सराई आणि अकरा महिन्यांचा करार

"आडनाव काय?" नाशिकमध्ये भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या माणसाला हा प्रश्न भाड्याच्या रकमेच्याही आधी विचारला जातो. आडनावावरून अंदाज आला नाही, तर "मूळ गाव कोणतं?" गावावरूनही कळले नाही, तर "नॉनव्हेज खाता का?" आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर "तुमच्या घरात देव कोणते?" प्रश्न चार, हेतू एक. जातीचे नाव स्वतःच्या तोंडून न काढता समोरच्याची जात काढून घ्यायची.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका जोडप्यासाठी आम्ही घर शोधत होतो. दोघेही नोकरीला, पगार वेळेवर. एजंटने दाखवलेला वन बीएचके पसंत पडला, डिपॉझिट ठरले. घरमालक काकांनी चहासुद्धा दिला. मग त्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. संध्याकाळी एजंटचा फोन आला, "दादा, मालकांचा पुतण्या येणार आहे राहायला. आपण दुसरं बघू." पंधरा दिवसांनी आम्ही त्याच रस्त्याने गेलो, तेव्हा बाल्कनीला 'भाड्याने देणे आहे' हा बोर्ड तसाच लटकत होता. पुतण्या काही आला नव्हता.

ही गोष्ट बैठकीत निघाली, तेव्हा आमचाच एक कार्यकर्ता म्हणाला, "सोडा रे! खैरलांजी घडलेल्या महाराष्ट्रात घर नाकारलं म्हणून काय ओरडायचं? दुसरं घर मिळेल." हा लेख त्या मित्राला उत्तर म्हणून लिहीत आहोत. कारण घर नाकारणे ही किरकोळ बाब आहे, असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही.

बडोदा, १९१७

कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या करारामुळे तिथे नोकरी करणे भाग होते. पण राहायचे कुठे? हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव नोंदवून त्यांना खोली मिळाली. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लोक हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मान देऊन गेले. सरकारी बंगल्यासाठीच्या अर्जाला उत्तर आलेले नव्हते. एका हिंदू मित्राने आणि एका ख्रिस्ती मित्राने आपापल्या अडचणी सांगितल्या. बाबासाहेब रेल्वेच्या वेळेपर्यंत कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हा प्रसंग आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. पण त्यातला समाजशास्त्रीय मुद्दा बहुतेक वेळा निसटतो. बाबासाहेबांना नोकरी नाकारली गेली नव्हती. नाकारले गेले ते घर. आणि घर नाही म्हणून नोकरी गेली. म्हणजे शिक्षण आणि पद मिळवल्यावरही राहण्याच्या जागेवरचा ताबा जातीच्या हातात राहिला, तर ती जात शिक्षण आणि पद दोन्ही निरर्थक करू शकते. 'शिकलो, नोकरी लागली, आता जात संपली' असे मानणाऱ्या आपल्या पिढीने हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. नाव लपवून मिळालेला निवारा अकरा दिवस टिकला. आज आपल्यातले किती तरी जण घरमालक येणार म्हणून बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत ठेवतात, आडनावाऐवजी वडिलांचे नाव पुढे करतात, 'जय भीम'ची रिंगटोन बदलतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर लागते. पण त्यांचा करार अकरा महिन्यांचा असतो, आणि ते अकरा महिने कोणी तरी ओळखेल या धाकात जातात.

नाशिक ते लंडन, १९३०

आता आपल्या शहराकडे येऊ. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे नेटाने चालवला. अस्पृश्यांनी आत येऊ नये म्हणून मंदिराचे दरवाजेच बंद करण्यात आले. म्हणजे आम्हाला बाहेर ठेवण्यासाठी स्पृश्यांनी स्वतःचेही दर्शन बंद करून घेतले! जातीसाठी माणूस स्वतःचे नुकसान सोसतो, हे नाशिकने तेव्हा पाहिले. फ्लॅट दोन-दोन महिने रिकामा ठेवून भाडे बुडवणारा पण आपल्याला चावी न देणारा घरमालक त्याच परंपरेतला आहे. 'बाजाराला जात नसते, पैसा दिला की घर मिळते' असे सांगणाऱ्या विद्वानांनी या रिकाम्या फ्लॅटचा हिशेब एकदा मांडावा.

सत्याग्रहाची किंमत फक्त पंचवटीत चुकवावी लागली नाही. आपल्या लोकांची खेड्यापाड्यांतून कोंडी झाली. वाटा बंद झाल्या, दुकानदारांनी माल देणे थांबवले, मुलांना शाळेतून काढले. या हत्याराचे नाव बहिष्कार. दगड मारावा लागत नाही, रक्त सांडत नाही, आणि पोलिसांच्या वहीत नोंदवायला काही सापडत नाही.

त्याच वर्षी, १९३० च्या अखेरीस, बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. तिथे रावबहादूर आर. श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधाराने त्यांनी बहिष्काराची व्याख्याही दिली. त्या व्याख्येत सर्वांत आधी काय आहे? घर किंवा जमीन भाड्याने देण्यास, वापरू देण्यास नकार. व्यवहार आणि कामधंदा नाकारणे हे त्याच्या पुढे येते. १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी हीच व्याख्या पुन्हा मांडली.

आणि ती कागदावर राहिली नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, कलम ७ च्या स्पष्टीकरणात घर भाड्याने देण्यास नकार हा बहिष्काराचा प्रकार म्हणून नोंदलेला आहे. कलम ४ आणखी थेट आहे. कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ तर आपल्या हातातले खरे शस्त्र आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे, तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धही अनुसूचित जातींच्या यादीत आले, तेव्हा 'तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला कुठली जात?' हा चावट प्रश्नही इथे चालत नाही.

मग आपल्या गावात, आपल्या शहरात या कलमांखाली तक्रार करणारे किती जण आपल्या ओळखीचे आहेत? आम्हाला एकही आठवत नाही. आपणच त्याला 'किरकोळ' म्हणतो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

'घर माझे, मर्जी माझी'

घरमालकाचा नेहमीचा युक्तिवाद असा, की घर ही खासगी मालमत्ता आहे, त्यात कोणाला ठेवायचे ते मी ठरवणार. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते आहेत, भाड्याची घरे नाहीत, असेही कायद्याचे जाणकार सांगतात.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत याच तरतुदीवर चर्चा चालू असताना बाबासाहेबांना विचारण्यात आले, की 'दुकान' या शब्दात धोब्याची लाँड्री, न्हाव्याचे सलून येते का? त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा. येणाऱ्या कोणालाही आपली सेवा मोबदल्यात देण्यास जो तयार आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी शिक्षणसंस्थांच्या एका प्रकरणात याच उत्तराचा आधार घेतला.

आता सांगा, बाल्कनीला 'भाड्याने देणे आहे' असा बोर्ड लावणारा माणूस काय करतो आहे? तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना आपली जागा पैशाच्या मोबदल्यात देऊ करतो आहे. बोर्ड लावला त्या क्षणी त्याने दुकान मांडले. स्वतःच्या स्वयंपाकघरात कोणाला बसवायचे ही त्याची मर्जी, पण दुकान मांडल्यावर गिऱ्हाइकाची जात विचारण्याचा हक्क त्याला नाही. न्यायालयांनी भाड्याच्या घराबाबत हे अजून इतक्या स्पष्टपणे म्हटलेले नाही, हे आम्ही मान्य करतो. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा नियम मान्य केला. एका छोट्या अल्पसंख्य समाजाची भीती आम्ही समजू शकतो. पण त्या निकालाच्या आडोशाने बहुसंख्याकांच्या सोसायट्या 'फक्त शाकाहारी'चा फलक लावतात, त्याचे काय?

अमेरिकेत हा लढा झाला आहे. गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांना घर न विकण्याचे करार न्यायालयाने अंमलात आणू नयेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच दिला. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवडाभरात वर्णावरून घर नाकारण्यास बंदी करणारा कायदा झाला. आपल्याकडे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडे, दुरुस्ती, ताबा सगळे आहे. जात विचारून घर नाकारणाऱ्यावर त्यात एक ओळ नाही. ती ओळ मिळवणे हा आपल्या चळवळीचा कार्यक्रम असायला हवा.

क्वार्टरला आडनाव नव्हते

नाशिकचा इतिहास आणखी एक गोष्ट शिकवतो. या शहरात आपला माणूस गावकुसाबाहेरून आत आला तो बहुतांशी सरकारी आणि कारखान्याच्या नोकरीच्या दाराने. नाशिकरोडची प्रेस, देवळालीची छावणी, ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडची एमआयडीसी. प्रेसच्या वसाहतीतले क्वार्टर ग्रेड आणि नंबर पाहून मिळते, आडनाव पाहून नाही. सिडकोने नवीन नाशिकमध्ये सहा योजना उभ्या केल्या, तिथेही अर्ज चालला, 'देव कोणते' हा प्रश्न नाही. खुद्द बाबासाहेब मुंबईत अनेक वर्षे राहिले ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. सार्वजनिक घर म्हणजे जातीच्या हातून काढून घेतलेली किल्ली. सरकारने घरे बांधण्यातून अंग काढले आणि सगळे बिल्डर, एजंट, सोसायटीच्या चेअरमनवर सोपवले, की ती किल्ली परत आडनावाच्या हातात जाते. खासगीकरणाने फक्त आरक्षित नोकरी जात नाही, बरोबरीचा शेजारही जातो.

आणि आपला दरवाजा?

आता स्वतःकडे बघू. आज आपल्यातल्या काहींची सिडकोत, पाथर्डी फाट्याला, जेलरोडला स्वतःची घरे आहेत. वरचा मजला भाड्याने दिलेला आहे. तिथे मुस्लीम कुटुंब चालते का? एकटी राहणारी बाई? मातंग, चर्मकार, आदिवासी, यूपी-बिहारचा कामगार? आम्ही आमच्याच ओळखीत विचारले, तेव्हा काही ठिकाणी "आपल्याच लोकांना देतो, झंझट नको" असे उत्तर मिळाले. हे वाक्य आपण कुठे तरी ऐकले आहे, नाही का?

नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा उषवदाताचा लेख आहे. लेणे दान केले आहे ते चारही दिशांच्या संघाला. तिथे वर्षावासाला राहणाऱ्या भिक्खूंच्या चीवरासाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे रक्कम ठेवली, तिच्या व्याजाची व्यवस्था केली. तिथलेच आणखी एक लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरून घेतले आहे. या शहरातल्या सर्वांत जुन्या निवासाची अट अशी होती : चारही दिशांनी येणाऱ्याला जागा. तो आपला वारसा आहे, आणि वारसा फक्त धम्म सहलीत फोटो काढण्यासाठी नसतो.

म्हणून तरुण मित्रांना तीन गोष्टी सांगतो. घर नाकारले गेले तर तारीख, वेळ, एजंटचे मेसेज जपून ठेवा, आणि एकट्याने गिळू नका, संघटनेकडे या. पोलीस ठाण्यात गेलात तर नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४, ७ आणि १२ लिहून घेऊन जा. आणि आपल्या बाल्कनीला बोर्ड लावाल, तेव्हा आडनाव विचारू नका.

त्या जोडप्याला पुढे घर मिळाले. हॉलच्या भिंतीवर, दारातून दिसेल असा, त्यांनी बाबासाहेबांचा फोटो लावला आहे. करार अकरा महिन्यांचाच आहे.

जय भीम!