‘जुळवून घे’ या सल्ल्याचा इतिहास

आमच्या पिढीतल्या मुलींना सासरी जाताना जे काही बरोबर मिळाले, त्यात ‘जुळवून घे बाई’ हे वाक्य हमखास असे. देणारी आई असे आणि तिला ते तिच्या आईने दिलेले असे. पण हा सल्ला काही आपलीच मक्तेदारी नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा अमेरिकेतल्या विवाह-समुपदेशनाचा इतिहास वाचत गेले. तिकडे हाच सल्ला शिकल्या-सवरल्या माणसांनी, टेबलाच्या पलीकडे बसून, शास्त्राच्या नावाने दिलेला आहे. तो कसा रुजला आणि कशाने खिळखिळा झाला, ते आज सांगते.

गोष्ट चक्क खजुरापासून सुरू होते. पॉल पोपेनो हा कॅलिफोर्नियाचा तरुण, वडिलांच्या रोपवाटिकेसाठी परदेशांत हिंडून खजुराची रोपे जमवत असे. १९१३ साली त्याने खजुराच्या लागवडीवर पुस्तकही लिहिले. झाडांचे उत्तम वाण निवडता निवडता गडी माणसांच्या वाणाकडे वळला. सुप्रजननशास्त्रावर १९१८ साली त्याचे सहलेखनातले पुस्तक निघाले, आणि ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा तो पुरस्कर्ता झाला. याच माणसाने १९३० मध्ये लॉस एंजेलिसला कौटुंबिक संबंधांसाठी सल्ला देणारी संस्था काढली. हेतू सरळ होता. ‘चांगल्या’ बीजाच्या लोकांनी लग्ने करावीत, ती टिकवावीत आणि त्यांना मुले जास्त व्हावीत. मानसशास्त्राची पदवी नव्हती. नावामागचे ‘डॉक्टर’ मानद होते.

१९५३ पासून ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात ‘हे लग्न वाचवता येईल का?’ अशा अर्थाच्या नावाचे सदर सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत त्यातली प्रकरणे याच संस्थेतली असत. आधी बायकोची बाजू, मग नवऱ्याची, शेवटी समुपदेशकाचे मत. मांडणी अगदी न्यायाची. निकाल मात्र पुष्कळदा ठरल्यासारखा, की बाईने स्वतःला थोडे बदलावे. मासिक बायकांचे, तेव्हा गृहपाठही बायकांनाच!

त्याआधी १९३८ साली बुद्ध्यंक-चाचणीमुळे नाव झालेल्या लुईस टर्मन यांनी ७९२ जोडप्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. एकमेकांना न विचारता भरायच्या, ही अट. निष्कर्ष असे की आईवडिलांचा संसार सुखाचा असेल, बालपण आनंदात गेले असेल, तर आपलाही संसार सुखाचा होण्याचा संभव जास्त. काम कष्टाचे होते यात शंका नाही. पण मी इतिहास शिकवायचे, त्यामुळे नजर पहिल्यांदा साधनावर जाते. माणूस स्वतःच्या संसाराबद्दल कागदावर जे लिहितो ते झाले त्याचे म्हणणे. स्वयंपाकघरात प्रत्यक्ष काय चालते, ते त्यातून कसे कळणार?

आणि तज्ज्ञांचे डोळे कुठे लागलेले असत, याचा नमुना पुढे १९६४ सालचा आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या तीन मानसोपचारतज्ज्ञांनी बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांच्या कुटुंबांवर एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्याचे नाव ‘बायकोला मारणाऱ्याची बायको’. नवरे चिकित्सेला राजी नसत, बायका येत. म्हणून तपासणी झाली ती बायकांची. त्या वर्चस्व गाजवणाऱ्या आहेत, मार खाण्याची गरज त्यांच्याच मनात आहे, असा अर्थ निघाला. मारले कोणी आणि शोधनिबंध कोणावर! हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते, दोन दिवस उघडले नाही.

पुढच्या काळात वर्तनवादी आले. त्यांची एक गंमत सांगते. १९६९ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी चार जोडप्यांवर प्रयोग केला. नवरे बोलतच नाहीत ही बायकांची तक्रार होती. मग नवऱ्याने गप्पा मारल्या की बायकोने टोकन द्यायचे, आणि जमलेली टोकने देऊन नवऱ्याने जवळीक मिळवायची. हसू येते खरे. पण एक बदल लक्षात घ्या. आता ‘दोष कोणाचा’ यापेक्षा ‘दोघांत देवाणघेवाण कशी चालते’ हे पाहिले जाऊ लागले.

पाहण्याचे खरे काम केले ते जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी. १९८३ साली त्यांनी ३० जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवराबायकोला समोरासमोर बसवून वादाच्या विषयावर बोलायला लावायचे आणि त्या वेळचे हृदयाचे ठोके, घाम मोजायचा. पुढे सिएटलच्या विद्यापीठात राहण्याजोग्या घरासारखी प्रयोगशाळाच झाली. भांडण होते म्हणून संसार मोडत नाही. तुच्छतेने बोलणे, डोळे फिरवणे, दगडासारखे गप्प बसणे जास्त घातक, असे त्यांना दिसले. १९९८ च्या त्यांच्या १३० नवविवाहित जोडप्यांच्या अभ्यासात तर सल्लाच उलटा फिरला. जो नवरा बायकोचे म्हणणे मनावर घेत नाही, त्याचा संसार डळमळण्याचा संभव जास्त! पण गॉटमन घटस्फोटाचे भाकीत नव्वद टक्के अचूक करतात असे जे सगळीकडे छापून येते, ते जपून घ्यावे. निकाल माहीत असताना त्यावर बेतलेले सूत्र नव्या जोडप्यांना लावून पाहिल्याशिवाय ते भाकीत म्हणता येत नाही, असा आक्षेप संशोधकांनीच २००१ मध्ये घेतला आणि तो मला पटतो.

या सगळ्यांत माझ्या मनात घर केले ते नील जेकबसन यांनी. वर्तनवादी विवाह-उपचाराचे हे मोठे नाव; १९७९ मध्ये गायला मार्गोलिन यांच्याबरोबर त्यावर ग्रंथ लिहिलेला. पण १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह आधीच्या प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली. सरासरी न पाहता एकेका जोडप्याला काय मिळाले ते पाहिले. निम्म्याहून थोड्या जास्त जोडप्यांत सुधारणा होती, पण खरोखर सुखी म्हणता येईल अशा पायरीवर पोचलेली साधारण एक तृतीयांशच. आपल्याच दुकानातला माल आपणच तराजूत घालून कमी भरला असे जाहीर करणारी माणसे विरळा.

त्यातून अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांच्याबरोबर नवी पद्धत निघाली. बदलाचा आग्रह सैल करून एकमेकांचा न बदलणारा स्वभाव समजून स्वीकारायचा. जेकबसन १९९९ मध्ये पन्नाशीतच गेले. त्यानंतर १३४ जोडप्यांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींत जवळजवळ निम्मी जोडपी बऱ्यापैकी सुधारलेली होती, पाव हिस्सा विभक्त झालेली. सू जॉन्सन यांची भावनिक जवळिकीवर भर देणारी पद्धतही याच काळातली. तिच्यावर वेगळे लिहायला हवे.

‘स्वीकार’ हा शब्द वाचून कोणी म्हणेल, शेवटी आईचेच खरे ठरले की! नाही. या स्वीकारात दोघेही खुर्चीवर बसलेले असतात आणि दोघांनाही तेच काम असते. शिवाय ज्या घरात मारहाण आहे तिथे जोडप्याला एकत्र बसवून हा उपचार करायचा नाही, हे या मंडळींनी स्पष्ट केले. त्याला आधारही होता. १९९४ मध्ये जेकबसन, गॉटमन आणि सहकाऱ्यांनी मारझोड होणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास छापला. घरी घडलेल्या प्रसंगांचे तपशील त्यांनी दोघांकडून घेतले. एकदा हिंसा सुरू झाली की बायकोच्या कोणत्याही वागण्याने ती थांबत नाही, असे त्यात आढळले. गप्प बसून नाही, माफी मागून नाही, उलट बोलूनही नाही. फ्रेमिंगहॅमच्या लेखानंतर तीस वर्षांनी हे लिहिले गेले.

आपल्याकडे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशकांची सोय झाली, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. या दुसऱ्या कायद्याखालचे २००६ चे नियम मी मुद्दाम मिळवून वाचले. त्यातल्या चौदाव्या नियमात म्हटले आहे की केलेल्या हिंसेचे कोणतेही समर्थन समुपदेशनात मांडू द्यायचे नाही.