युरोपातून आफ्रिकेत दूरध्वनी: अंतर कमी, दर अधिक

लंडनहून मुंबई सुमारे ७,२०० किलोमीटरवर आहे, तर घानाची राजधानी अक्रा सुमारे ५,१०० किलोमीटरवर. तरीही लंडनमधून अक्रातील मोबाइलवर केलेला साधा कॉल मुंबईला केलेल्या कॉलपेक्षा सर्वसाधारणपणे महाग पडतो. समुद्राखालच्या केबल दोन्हीकडे जातात आणि यंत्रणाही दोन्हीकडे सारखीच असते. फरक पडतो तो अखेरच्या टप्प्यावर, कॉल ज्या देशात उतरतो तेथील शुल्कामुळे. युरोपात काम करणाऱ्या आफ्रिकी स्थलांतरितांना घरच्यांशी बोलण्यासाठी जी किंमत मोजावी लागते ती बहुतांशी त्यांच्या मायदेशातच ठरते. युरोपात त्यांच्या हाती उरते ती केवळ मार्गाची निवड.

आंतरराष्ट्रीय कॉलच्या दरात तीन वाटेकरी असतात: ज्या कंपनीच्या सिमवरून कॉल केला जातो ती, दोन खंडांमधील वहन करणारी घाऊक कंपनी आणि कॉल ज्याला केला त्याच्या फोनपर्यंत पोहोचवून देणारी स्थानिक कंपनी. यांपैकी पहिल्या दोघांचा वाटा गेल्या पंचवीस वर्षांत झपाट्याने घटला. १ जानेवारी १९९८ पासून युरोपीय संघात दूरध्वनी सेवेतील सरकारी मक्तेदारी संपुष्टात आली आणि स्पर्धा सुरू झाली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने जाणारी सॅट-३ आणि २००९ मध्ये पूर्व किनाऱ्यावर पोहोचलेली सीकॉम या केबलींनंतर उपग्रहावरील अवलंबित्वही कमी झाले. तिसऱ्या वाटेकऱ्याच्या शुल्काला ‘टर्मिनेशन शुल्क’ म्हणतात. ते मात्र ज्या त्या देशाचे नियामक किंवा सरकार ठरवते, आणि तेथेच देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, परदेशातून येणाऱ्या कॉलवरील हे शुल्क १ फेब्रुवारी २०१८ पासून मिनिटाला ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणले, मे २०२० पासून त्यासाठी ३५ ते ६५ पैशांची मर्यादा घालून दिली. अमेरिकी चलनात ही रक्कम एक सेंटही भरत नाही. घानाने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय कॉलसाठी मिनिटाला किमान १९ सेंटचा दर बांधून दिला. त्यांतील ६ सेंट सरकारी तिजोरीत आणि उरलेले दूरसंचार कंपनीकडे, अशी विभागणी ठरली. नायजेरियाच्या दूरसंचार आयोगाने जानेवारी २०२२ पासून हाच दर साडेचार सेंट ठेवला. घानाप्रमाणेच नायजेरियाही पश्चिम आफ्रिकेतच आहे, पण या दोन दरांत चौपटीहून अधिक तफावत होती. ग्राहकाकडून घेतली जाणारी अंतिम रक्कम या घाऊक दराखाली जाऊ शकत नाही, हे लक्षात घेतले की दरपत्रकावरील एरवी अनाकलनीय वाटणारे आकडे समजू लागतात.

या व्यवस्थेची मुळे जुन्या हिशेबपद्धतीत आहेत. दूरध्वनी हा सरकारी खात्यांचा कारभार होता तेव्हा दोन देशांची खाती मिनिटाचा एक दर परस्परसंमतीने ठरवत आणि ज्या देशातून कॉल निघे तो साधारणपणे निम्मी रक्कम दुसऱ्याला देई. श्रीमंत देशांतून गरीब देशांकडे जाणारे कॉल उलट दिशेच्या कॉलपेक्षा जास्त असत, त्यामुळे शिल्लक रक्कम आफ्रिकी खात्यांना परकीय चलनात मिळे. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९९७ मध्ये या देयकांवर मर्यादा घातली. उच्च उत्पन्नाच्या देशांसाठी १५ सेंट आणि अल्प उत्पन्नाच्या देशांसाठी २३ सेंट असे ते टप्पे होते. हक्काचे उत्पन्न बुडते म्हणून अनेक विकसनशील देशांनी त्याला विरोध केला. पुढे बाजार खुला झाल्यावर दर घसरत गेले. तेव्हा घानासारख्या काही सरकारांनी कायद्याने किमान दर ठरवून ते उत्पन्न पुन्हा मिळवण्याचा मार्ग पत्करला.

त्यांच्या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. कॉल करणारा युरोत कमावतो, त्याच्याकडून काही सेंट घेऊन देशात उभारणी करता येते, शिवाय हा कर देशातील मतदाराच्या बिलावर दिसत नाही. परंतु फोन करणारी व्यक्ती बहुधा त्याच देशाची नागरिक असते. हॅम्बुर्गमध्ये कार्यालयांची सफाई करणारी किंवा इटलीत शेतावर टोमॅटो तोडणारी. जी घरी पैसे पाठवते तिच्याच बोलण्यावर हा कर बसतो.

चढ्या दराचा दुसरा परिणाम म्हणजे ‘सिम बॉक्स’चा चोरटा धंदा. या उपकरणात स्थानिक कंपन्यांची डझनांनी, कधी शेकड्यांनी सिम कार्डे बसवलेली असतात. युरोपातून निघालेला कॉल इंटरनेटवरून या पेटीपर्यंत आणला जातो आणि तेथून एखाद्या स्थानिक सिमवरून साध्या स्थानिक कॉलसारखा पुढे सोडला जातो. १९ सेंटऐवजी स्थानिक कॉलचा किरकोळ दर भरून मधला फरक चालवणारा खिशात घालतो. घेणाऱ्याला याची खूण सहज पटते: मुलगा ब्रसेल्सहून बोलत असतो आणि पडद्यावर दिसतो अनोळखी देशी क्रमांक. आवाज तुटक येतो, आणि त्या क्रमांकावर उलट फोन केला तर मुलगा भेटत नाही. युरोपातील एखादी सेवा अधिकृत घाऊक दरापेक्षाही स्वस्तात कॉल विकत असेल, तर तो बहुधा अशाच वाटेने जातो. घानात अशा पेट्यांवर वारंवार छापे पडले आहेत. पण दरातील तफावत जेवढी मोठी तेवढा हा धंदा किफायतशीर, हे गणित छाप्यांनी बदलत नाही.

युरोपीय संघाच्या ग्राहकहिताच्या नियमांचा येथे उपयोग होत नाही, याची अनेक नवागतांना कल्पना नसते. १५ मे २०१९ पासून संघातील एका देशातून दुसऱ्या सदस्य देशात केलेल्या कॉलवर मिनिटाला १९ युरोसेंट अधिक कर एवढी कमाल मर्यादा आहे. ती केवळ संघांतर्गत कॉलला लागू होते. पॅरिसहून डाकारला केलेला कॉल तिच्या कक्षेबाहेर राहतो. संघाने आपल्या हद्दीतील मोबाइल टर्मिनेशन शुल्कही २०२४ पासून ०.२ युरोसेंटपर्यंत खाली आणले, पण संघाबाहेरील क्रमांकावरून येणाऱ्या कॉलला ही सवलत सरसकट नाही. तो देश तेवढाच अल्प दर घेत असेल तरच ती मिळते. म्हणजे युरोपीय कंपन्यांनाही आफ्रिकेतून येणाऱ्या कॉलवर अधिक आकारणी करता येते. चढ्या दराचा दोष केवळ अक्रा वा डाकारच्या माथी मारणे म्हणूनच योग्य ठरणार नाही.

स्वस्त कॉलची बाजारपेठ प्रथम रस्त्यावर उभी राहिली. पॅरिसचा शातो-रूज परिसर, माद्रिदमधील लावापिएस, किन्शासातील वस्तीचे नाव धारण करणारा ब्रसेल्समधील मातोंगे आणि लंडनमधील पेकहॅम येथे नव्वदच्या दशकाअखेरीपासून फोनची दुकाने वाढली. लाकडी खोपटी, काचेचे दार, भिंतीवर देशवार दरपत्रक, बाहेर पडताना हिशेब. भारतातील एसटीडी-आयएसडी बूथची आठवण यावी असेच ते दृश्य. स्पेनमध्ये या दुकानांना ‘लोकुतोरिओ’ म्हणत. पैसे पाठवणे, झेरॉक्स आणि किराणाही बहुधा त्याच छताखाली मिळे. इटलीने २००५ मध्ये दहशतवादविरोधी कायद्याद्वारे अशा केंद्रांतील ग्राहकांची ओळखपत्रे तपासणे बंधनकारक केले. त्यामुळे कागदपत्रे नसलेल्यांची अडचण वाढली.

त्याच काळात प्रीपेड कॉलिंग कार्डे आली. खरवडून गुप्त क्रमांक काढायचा, स्थानिक क्रमांक फिरवायचा, मग घरचा क्रमांक. कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलेली मिनिटे प्रत्यक्षात क्वचितच मिळत. जोडणी शुल्क, मिनिटांचे गोलाकारीकरण, आठवड्याला कापला जाणारा देखभाल आकार आणि लवकर संपणारी मुदत या अटी मागील बाजूस बारीक अक्षरांत असत. तरीही या कार्डांनी स्थलांतरितांचे आयुष्य बदलले. मानववंशशास्त्रज्ञ स्टीव्हन व्हर्टोवेक यांनी २००४ मधील आपल्या निबंधात स्वस्त कॉलना देशोदेशी विखुरलेली कुटुंबे जोडून ठेवणारा सामाजिक डिंक म्हटले, ते याच अनुभवाच्या आधारे. पुढे लेबारा आणि लायकामोबाइल यांसारख्या, स्वतःचे मनोरे न उभारता मोठ्या कंपन्यांचे जाळे भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांनी ठराविक देशांसाठी मिनिटांचे पॅक असलेली सिम कार्डे विकायला सुरुवात केली आणि कार्डांचा धंदा ओसरला.

स्काइप ऑगस्ट २००३ मध्ये आले, व्हॉट्सअॅपने २०१५ मध्ये बोलण्याची सोय दिली आणि दरपत्रकच निरर्थक ठरल्यासारखे वाटले. दोन्ही बाजूंना इंटरनेट असले की टर्मिनेशन शुल्काचा प्रश्न उरत नाही. मात्र साध्या कॉलमध्ये फोन करणाराच पैसे भरतो, तर इंटरनेट कॉलमध्ये घेणाऱ्याचाही डेटा खर्च होतो. आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक मेगाबाइट लागतो, व्हिडिओला त्याच्या कित्येक पट. ज्या घरात डेटा दिवसापुरता, लहान पॅकमध्ये विकत घेतला जातो तेथे लेकीचा ‘फुकट’ फोन आईला महाग पडतो. युगांडाने १ जुलै २०१८ पासून व्हॉट्सअॅपसह समाजमाध्यमांच्या वापरावर दिवसाला २०० शिलिंगांचा कर लावला, तेव्हा परदेशातून आलेला कॉल घेण्यासाठीही आधी तो कर भरावा लागे. २०२१ मध्ये हा कर जाऊन डेटावर १२ टक्के कर आला.

काही वेळा हा मार्ग बंदच केला जातो. मोरोक्कोतील तिन्ही दूरसंचार कंपन्यांनी जानेवारी २०१६ मध्ये इंटरनेट कॉल अडवले. फ्रान्स, स्पेन, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये मोठ्या संख्येने राहणाऱ्या मोरोक्कन कुटुंबांत त्यामुळे मोठी नाराजी पसरली. नोव्हेंबरमध्ये, माराकेश येथील जागतिक हवामान परिषदेच्या सुमारास, ही अडवणूक उठली. १४ मार्च २०२४ रोजी आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ चार समुद्री केबल निकामी झाल्या आणि पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांचे इंटरनेट कोलमडले. इथिओपियाच्या तिग्राय प्रदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध पेटल्यावर इंटरनेटच नव्हे, दूरध्वनीही बंद झाला; युरोपातील नातेवाइकांपुढे दराचा प्रश्नच उरला नाही.

त्यामुळे पलीकडे कोण आहे, यावर स्वस्त मार्ग ठरतो. शहरात वायफाय असलेल्या भावाशी इंटरनेटवरून बोलणे सर्वांत किफायतशीर. गावाकडे बटणांचा साधा फोन वापरणाऱ्या आजीसाठी देशनिहाय मिनिटांचे सिम किंवा अॅपवरून थेट फोन क्रमांकावर जाणारी सेवा उपयोगी. यांतील सर्वांत परिचित सेवा असलेले स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले. मात्र तत्सम इतर सेवा उपलब्ध आहेत. तिसरा उपाय म्हणजे युरोपातूनच घरच्या क्रमांकावर डेटा किंवा टॉकटाइमचा रिचार्ज पाठवणे आणि मग इंटरनेटवर बोलणे. सेवा निवडताना जाहिरातीतील मिनिटाच्या दराबरोबर जोडणी शुल्क, मोबाइल आणि लँडलाइनसाठी वेगळे दर आणि पॅकची मुदत पाहावी लागते; आफ्रिकेत बहुतेक सर्व कॉल मोबाइलवरच जात असल्याने लँडलाइनचा आकर्षक दर जवळपास निरुपयोगी असतो.

बोलणे महाग असलेल्या ठिकाणी मिस्ड कॉलची भाषा तयार होते, हे भारतीय वाचकाला सांगायला नको. पश्चिम आफ्रिकेत त्याला ‘फ्लॅश’ करणे म्हणतात, फ्रेंचभाषक देशांत ‘बीप’. एक रिंग देऊन घरचे फोन ठेवतात आणि युरोपातील नातेवाईक उलट कॉल करतो. याच सवयीचा फायदा भामटे घेतात. अनोळखी परदेशी क्रमांकावरून एक रिंग येते आणि उलट फोन करणाऱ्याच्या खात्यातून चढ्या दराने पैसे कापले जातात. ओळखीचा नसलेल्या क्रमांकावर उलट कॉल न करणे, एवढाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

भारताचा या व्यवहाराशी थेट संबंधही आहे. भारती एअरटेलने २०१० मध्ये झेन कंपनीचा आफ्रिकेतील व्यवसाय सुमारे १०.७ अब्ज डॉलरना घेतला. तेव्हापासून नायजेरिया, केनिया, युगांडा आदी देशांत उतरणाऱ्या युरोपीय कॉलच्या टर्मिनेशन शुल्काचा काही भाग या मूळ भारतीय समूहाच्या कंपनीकडे जातो.

कित्येकदा पैसे असूनही कॉल लागत नाही, कारण क्रमांक जुना असतो. आयव्हरी कोस्टने ३१ जानेवारी २०२१ रोजी दहा अंकी क्रमांक सुरू केले आणि मोबाइल क्रमांकापुढे कंपनीनुसार ०१, ०५ किंवा ०७ हे अंक जोडले. बेनिनने ३० नोव्हेंबर २०२४ रोजी सर्व क्रमांकांपुढे ०१ लावला. घाना किंवा नायजेरियाला कॉल करताना देशाच्या संकेतांकानंतर क्रमांकाचा पहिला शून्य गाळतात. आयव्हरी कोस्ट आणि बेनिनसाठी मात्र तो शून्य फिरवावाच लागतो.