सराफाची भागीदारी

व्यापाऱ्यानें फार तर कलेस देणगी द्यावी आणि पुन्हां आपल्या वहीखात्याकडे वळावें, असें आपल्याकडे मानितात. कोल्हापूरचा इतिहास कांहीं निराळें सांगतो. शाहू छत्रपतींच्या काळीं येथें अल्लादियाखाँसारख्या गवयांस दरबारचा आश्रय होता. परंतु आश्रय निराळा आणि भागीदारी निराळी. बाबूराव पेंटरांची कंपनी सोडून व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल व केशवराव धायबर यांनीं १९२९ सालीं ‘प्रभात’ काढली, तेव्हां पांचवे भागीदार झाले ते येथील सराफ सीतारामपंत कुलकर्णी. चौघांचें कसब होतें. त्यास भांडवलाची जोड मिळाली. देणगीदाराचें काम पैसे देतांच संपतें. भागीदारास तोटाही सोसावा लागतो. सीतारामपंतांनीं ती जोखीम पत्करली. चित्र, काव्य, गायन, नृत्य या साऱ्या कलांना बोलपटांत स्थान असतें. तो ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालीं कोल्हापुरांतच तयार झाला. १९३३ त ‘प्रभात’ पुण्यास गेली आणि १९३७ त तिच्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिस येथें गौरव झाला. व्यवसायांतून उरलेला वेळ कलेस देणें चांगलेंच. पण तिच्या नफ्यातोट्यांत वांटा उचलल्यावांचून ती आपल्या घरची होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.