टेकडीवरचे बिऱ्हाड

बोईसरच्या स्टेशनावर गाडीतून उतरलेली बहुतेक माणसे पश्चिमेला वळतात. तिकडे कारखाने आहेत, तारापूरचे अणुवीज केंद्र आहे, जुना किल्ला आहे आणि शेवटी समुद्र आहे. पोटापाण्याची वाट तिकडचीच. पूर्वेला तोंड केले तर आधी भातखाचरे दिसतात, मग सूर्या नदीचे खोरे, आणि त्यापलीकडे एकामागे एक उभ्या राहिलेल्या निळसर डोंगररांगा. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा ही नावे त्या रांगांत विखुरली आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी असे लोक तेथे पिढ्यान् पिढ्या नाचणी-वरई पिकवीत, कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून राहात आले. आपल्याकडे दिवाळीची सुरुवात वसुबारसेने होते. त्याच दिवशी तेथे वाघबारस असते. गायीऐवजी वाघाला हात जोडावे लागतात, यावरून त्या मुलखाची कल्पना वाचकांना यावी.

या डोंगरांत बाहेरची माणसे पूर्वीपासून जात आली. जाणाऱ्यांच्या तऱ्हा मात्र वेगळ्या.

नुसते वाटसरू म्हणून गेलेल्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण वाटसरू मागे फारसे काही ठेवीत नाही. १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर पडला व तेथे जव्हारच्या राजाने त्यांची भेट घेतली, असे परंपरा सांगते. जव्हारला मुकणे घराण्याचे राज्य होते. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने त्याला मान्यता दिली असे मानतात आणि ते टिकले ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत. सहाशे वर्षे एकच घराणे गादीवर राहिले यात पराक्रमाचा वाटा आहेच. पण वाटेतल्या चढणीचाही आहे असे मला वाटते. समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांवरच्या त्या पठारावर चढून जाण्याचा खटाटोप फार थोड्यांना परवडत असे.

तो खटाटोप परवडू लागला तो आगगाडीमुळे. बी.बी.सी.आय. रेल्वे १८६४ साली मुंबईपर्यंत पोहोचली आणि पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू, घोलवड ही किनाऱ्यालगतची गावे मुंबईच्या बाजारपेठेला जोडली गेली. गाडी डोंगरात गेली नाही. पण डोंगरातला माल गाडीपर्यंत उतरू लागला. साग उतरला, ऐन उतरला, कोळसा उतरला. आणि सर्वांत मोठ्या प्रमाणात उतरले ते गवत! मुंबईचे टांगे, तबेले आणि म्हशींचे गोठे या मुलखातल्या गवतावर पोसले जात. फुकट उगवणाऱ्या गवतातही पैसा आहे हे कळल्यावर डोंगराकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. सरकारने १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव केली. उरलेल्या जमिनीवर सावकार, जमीनदार आणि जंगलचे ठेकेदार यांची नजर गेली.

येथे भांडवल म्हणजे काय आणि ते कसे गुंतवले जाई, हे जरा सावकाशीने पाहण्यासारखे आहे. थैली घेऊन डोंगरात जावे लागत नसे. आषाढ-श्रावणात वारल्याच्या घरातले धान्य संपे. तेव्हा सावकार त्याला खावटीचे भात देई आणि सुगीत ते दिढी-दुपटीने मोजून घेई. सारा रोखीने भरायचा, रोख पैसा तर घरात नाही. म्हणून कागदावर अंगठा उठे. कागद वाचता न येणाऱ्याने एकदा अंगठा दिला की दोन-चार पावसाळ्यांत जमिनीचा मालक तिचा कूळ होई. ज्या खाचरात बापाने राब जाळला त्याच खाचरात मुलगा खंडाने राबे. इतक्या थोड्या पैशावर इतके मोठे व्याज कोणत्याही पेढीने दिले नसेल.

पण या सर्वांहून पक्की गुंतवणूक लग्नाची होती. वारल्यांत नवऱ्या मुलाकडून देज द्यावे लागते. वऱ्हाडाला जेवण आणि ताडी-दारू द्यावी लागते. त्यासाठी शे-दोनशे रुपये जमीनदाराकडून घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात त्याच्या घरी, शेतावर, रानात राबायचे. हा तरुण मग ‘लग्नगडी’ झाला. कर्ज फिटे कधी? हिशेब जमीनदाराच्या वहीत, आणि वही जमीनदाराच्या घरात! नवरा राबे, त्याच्याबरोबर नवी नवरी राबे, आणि पुष्कळदा त्यांची मुले तेच ऋण डोक्यावर घेऊन जन्माला येत. डी. सायमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९३९ साली मुंबई सरकारला डोंगरी जमातींच्या स्थितीचा अहवाल दिला, त्यात या दास्याचे वर्णन आहे. म्हणजे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय उरली नाही.

हे चित्र हलले ते १९४५ साली. त्या वर्षी या एवढ्याशा टापूत दोन गोष्टी घडल्या. दोन्हींच्या मुळाशी पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या स्त्रिया होत्या. एकीकडे लाल बावटा होता, दुसरीकडे बालवाडी. दोघींचे मार्ग एकमेकींपासून फार दूरचे. तरी मला त्या एकत्र आठवल्यावाचून राहात नाहीत.

पहिली गोष्ट गोदावरीबाई परुळेकरांची. पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या या बाई किसान सभेच्या कामासाठी पतीसह, म्हणजे श्यामराव परुळेकरांसह, या भागात आल्या. पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, कुडाच्या झोपडीत राहिल्या, तेथली आंबील प्याल्या. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. एका सभेने शतकाची रीत मोडते काय, असे कोणी म्हणेल. पण येथे ती मोडली खरी. पाड्यापाड्यांतून माणसे निघाली आणि जमीनदारांच्या वाड्यांवरून लग्नगडी मोकळे झाले.

पावसाळा सरला तेव्हा गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये द्या, अशी मागणी होती. ऑक्टोबरात तलवाडे येथे बाईंची सभा आहे अशी खोटी आवई उठवून वारल्यांना गोळा करण्यात आले आणि इकडे दंगल होणार म्हणून पोलिसांना कळवण्यात आले. १० ऑक्टोबरला गोळीबार झाला. पाच माणसे गेली. त्यांत जेठ्या गांगड होता. पुढच्या वर्षी जंगलमजुरांनी रोजाला सव्वा रुपया मागितला, संप केला, आणि परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार व्हावे लागले. गोदावरीबाईंनी ही हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याचे ते पुस्तक नव्हे. पण घरातल्या मोठ्या मुलांच्या हाती ते एकदा अवश्य द्यावे.

दुसरी गोष्ट बोर्डीची. घोलवडजवळच्या या समुद्रकाठच्या गावी ताराबाई मोडकांनी त्याच १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाईंचे वय तेव्हा ५३ होते. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने बालशिक्षणाचा प्रयोग करून, दादरला शिशुविहार उभारून त्यांचे नाव झाले होते. शहरातल्या शहाण्या आईबापांत त्यांना मान होता. मग या वयात खेड्यात कशाला जायचे? तर, जे शिक्षण शहरातल्या चार पैसेवाल्यांच्या मुलांनाच मिळते ते पुरते शिक्षण नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांच्या मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, आणि मग स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका. थोडे दिवस येऊन पाहावे म्हणून आलेल्या माणसाचे आयुष्य त्या गावी कसे जाते, हे अनुताईंच्या चरित्रात पाहावे.

बोर्डीत बालवाडी चालू झाली, पण तेथे येणारी मुले गावातली. वारल्यांची मुले टेकड्यांवरच्या पाड्यांत होती. म्हणून १९५६-५७ च्या सुमारास या दोघींनी आपले बिऱ्हाड कोसबाडच्या टेकडीवर नेले. ताराबाई तेव्हा पासष्टीला टेकल्या होत्या. ज्या वयात शिक्षकाला पेन्शनीची आणि गुडघ्यांची काळजी असते, त्या वयात ही बाई चढण चढून गेली.

टेकडी कोसबाडची फार उंच नाही. पण शाळेच्या दृष्टीने ती फार दूर होती. मुलाने शाळेत यावे असे आपण म्हणतो. ते येत नाही तेव्हा आपण त्याच्या बापाला दोष देतो. मीही शिक्षकच आहे, ही सवय माझ्या ओळखीची आहे. कोसबाडला या बायकांनी प्रश्न उलटा केला. मूल येत नाही ते का? मोठी मुलगी येत नाही, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. मग शाळेतच पाळणाघर काढा. एवढेसे पोर पाडा सोडून येणार नाही. मग बाईंनीच पाड्यात जावे आणि कोणाच्या तरी अंगणात बालवाडी मांडावी. पोरांचे नाक-डोळे पुसावेत, त्यांना न्हाऊ घालावे, मग गाणी आणि गोष्टी. दहा-बारा वर्षांचा पोर गुरांमागे असतो. मग शाळा कुरणात न्या. गुरे चरतील आणि पोरे शिकतील. त्या कुरणशाळेला भिंत नव्हती, घंटा नव्हती, आणि मास्तरला खुर्ची नव्हती. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणाऱ्या प्रयोगाला त्यांनी ‘विकासवाडी’ असे नाव दिले.

मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीत गुळगुळीत लाकडी ठोकळ्यांची महाग साधने लागतात. कोसबाडला ती परवडणारी नव्हती आणि शोभणारीही नव्हती. तेथे चिंचोके आले, शंख-शिंपले आले, पाने आणि नदीतले गोटे आले. मोजायला शिकणाऱ्या पोराला चिंचोका आणि विलायती मणी यांत फरक वाटत नाही. वाटला तर चिंचोका त्याच्या ओळखीचा असतो एवढाच.

या अंगणातल्या बालवाडीचे पुढे काय झाले ते घरोघर माहीत आहे, फक्त तिचे माहेर माहीत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. आज काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी दप्तरात हा शब्द लिहिला जातो. डहाणूच्या टेकडीवरच्या वारल्याचे अंगण त्यात आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री.

लग्नासाठी घेतलेल्या कर्जाने वारल्याला गडी केले, हे वर सांगितले. त्याच लग्नात सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसवतात. शेकडो वर्षे तो चौक लग्नाबरोबर लिहिला गेला आणि लग्नाबरोबर पुसट झाला. १९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार मुंबईहून या पाड्यांत आला, राहिला, आणि त्याने तेथल्या माणसांच्या हाती कागद दिला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी त्यावर जे काढले ते परदेशांतल्या प्रदर्शनांपर्यंत गेले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देणाऱ्याने कागद दिला. चित्र त्यांचे होते.

आता गुंतवणुकीचे रूप बदलले आहे. घोलवड-डहाणूला इराणी-पारशी बागायतदारांनी चिकूच्या वाड्या लावल्या. त्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र चालू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली. सूर्येवर धरण झाले, आणि तिचे पाणी नळांतून वसई-विरार, मिरा-भाईंदरकडे निघाले. पाणी खाली जाते आणि त्याच्या मागोमाग माणसेही जातात. वेठबिगारी १९७५ च्या वटहुकमाने आणि १९७६ च्या कायद्याने बंद झाली. पण दिवाळीच्या तोंडावर वीटभट्टीचा मुकादम पाड्यात येतो आणि ‘उचल’ देतो. लग्न निघालेले असते, आजारपण झालेले असते, सण तर दारात उभाच असतो. उचल घेतलेले कुटुंब दिवाळी झाली की गाशा गुंडाळून भट्टीवर जाते, पोरांसकट. सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा हजेरीपटावरची काही नावे आम्ही दोनदा पुकारतो. ती मुले परत येतात पावसाच्या तोंडावर, तोवर वर्ष संपलेले असते.

अनुताई कोसबाडला थांबल्या, पण तेवढ्यावरच थांबल्या नाहीत. १९८२ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्याबरोबर ‘ग्राममंगल’ ही संस्था काढली आणि डहाणू तालुक्यातच आणखी आत, दाभोण आणि ऐन्याच्या पाड्यांत काम सुरू केले.