टिळक आणि मॅक्स म्युलर यांचा पत्रव्यवहार

आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते, या लोकमान्य टिळकांच्या सिद्धान्तावरील महत्त्वाचा आक्षेप ग्रंथ छापला जाण्यापूर्वीच पत्रातून आला होता.

गणित घेऊन पदवीधर झालेल्या टिळकांनी 'ओरायन' (१८९३) मध्ये वसंतसंपाताच्या स्थानावरून वेदकाल इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांपर्यंत मागे नेला. जर्मन पंडित हेर्मान याकोबीही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते. १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर ऑक्सफर्डच्या मॅक्स म्युलर यांनी त्यांना तुरुंगात ऋग्वेदाची आवृत्ती पाठविली आणि सुटकेच्या अर्जावर सहीही केली. पुढे आभाराच्या पत्रात टिळकांनी नव्या सिद्धान्ताचा उल्लेख केला. म्युलर यांचे उत्तर सौजन्याचे, पण स्पष्ट होते: काही ऋचांचा तसा अर्थ लागू शकेल, मात्र भूगर्भशास्त्राने सिद्ध केलेल्या गोष्टींशी तो जुळत नाही. त्या अंगाने विचार केला असून सर्व पुरावा लवकरच आपणापुढे ठेवू, असे टिळकांनी कळविले. २८ ऑक्टोबर १९०० रोजी म्युलर निवर्तले.

'आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत टिळकांनी हा आक्षेप स्वतःच नोंदविला, हे विशेष. हिमयुग इ.स.पू. १०००० ते ८००० च्या सुमारास संपले, असे त्यांनी अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञांच्या आधारे मानले. आजचे मापन इ.स.पू. ९७०० च्या आसपासचे आहे. म्हणजे कालगणना बरीचशी जुळली. परंतु त्यापूर्वी हजारो वर्षे ध्रुवप्रदेश गोठलेलाच होता. टिळकांना अभिप्रेत असलेला उबदार काळ सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचा ठरतो.