वॉरहॅमर ४०,००० : रणगाडे आणि रणभूमी

नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८७ मध्ये आणलेला, विज्ञानकथेवर आधारलेला टेबलावरचा युद्धखेळ. सुरुवातीला तयार रणगाडे फारसे नव्हते. दुर्गंधीनाशकाच्या रिकाम्या डबीपासून रणगाडा करण्याची कृती कंपनीच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात आली, आणि तो आजही जुन्या खेळाडूंचा लाडका आहे. १९८८ मध्ये ‘ऱ्हायनो’ हे चिलखती वाहन प्लॅस्टिकच्या सुट्या भागांत मिळू लागले. भाग चौकटीतून कापायचे, सांधे घासायचे, चिकटवून रंगवायचे. खाचांत पातळ काळपट रंग सोडला की वंगणाचे ओघळ हुबेहूब दिसतात. त्याच विश्वातल्या ‘नेक्रोमुंडा’ (१९९५) खेळात पुठ्ठ्याचे मजले प्लॅस्टिकच्या आधारांत बसवून बहुमजली वस्ती उभारतात. मांडणी बदलली की आडोसे आणि नेमाच्या रेषा बदलतात, आणि डावपेच नव्याने आखावे लागतात.